अर्जाची वाट पाहणारी भरपाई

दादर स्थानकाच्या फलाटावर, खिशात तिकीट असलेल्या एखाद्या प्रवाशावर कुणी चाकूने वार केले आणि तो दगावला, तर त्याच्या घरच्यांचा ८ लाख रुपयांवर कायदेशीर हक्क आहे. हल्लेखोर सापडला का, त्याला शिक्षा झाली का, रेल्वेची काही चूक होती का, यातले काहीच तिथे सिद्ध करावे लागत नाही. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १२३ मधल्या 'अनुचित घटना' या व्याख्येत गाडीतला किंवा स्थानकाच्या हद्दीतला हिंसक हल्ला, लूटमार, दरोडा, दंगल, गोळीबार, जाळपोळ हे सगळे बसते. कलम १२४-अ सांगते की चूक कुणाची हे न पाहता भरपाई द्यायची. मृत्यूसाठीची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ४ लाखांची ८ लाख झाली.

आता हाच माणूस जिना उतरून स्थानकाबाहेरच्या फुटपाथवर आला आणि वार तिथे झाले असे धरा. जखम तीच, मागे राहिलेली बायकामुले तीच. पण आता त्यांना दुसरा कायदा लागतो आणि दुसरी रक्कम. या बायकोने आधी माहिती काढायची की अशी भरपाई असते. मग जिल्हा न्यायालयाच्या आवारातले, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय शोधायचे, कागद जमवायचे, अर्ज द्यायचा आणि वाट पाहायची. नवऱ्याचे दिवस अजून व्हायचे आहेत, तोवर ही धावाधाव.

हिंसक गुन्ह्याच्या पीडिताला राज्याने भरपाई द्यावी की नाही, हा प्रश्न आपल्याकडे कायद्याने केव्हाच निकाली काढला आहे. न्यूझीलंडने १९६३ मध्ये असा कायदा केला, ब्रिटनने १९६४ मध्ये योजना आणली, संयुक्त राष्ट्रांचा पीडितांविषयीचा जाहीरनामा १९८५ चा. आपल्या विधी आयोगाने १५४ व्या अहवालात १९९६ साली हीच शिफारस केली, फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने २००३ मध्ये पुन्हा केली, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ आले. ते ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ ने घेतली आहे. तेव्हा तत्त्वाचा वाद संपला. वाद आहे तो पहिले पाऊल कुणी टाकायचे याचा. माझे म्हणणे एवढेच आहे की ते पीडिताने टाकायचे नाही, पोलीस ठाण्याने टाकायचे. अर्ज ही अट असता कामा नये.

हे काही स्वप्नरंजन नाही. याच देशात, याच पोलीस ठाण्यांत, दोन प्रकारच्या प्रकरणांत ही रीत आधीच लिहिलेली आहे. रस्ते अपघाताचे बघा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांच्या आत अपघाताचा पहिला अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा. जखमी माणूस दवाखान्यात बेशुद्ध असला तरी त्याच्या दाव्याचा कागद पुढे सरकला पाहिजे, ही त्यामागची कल्पना. दुसरे उदाहरण अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांबाबतच्या १९९५ च्या नियमांतला नियम १२ सांगतो की जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी घटनास्थळी जायचे, पीडितांची यादी करायची आणि मदत ७ दिवसांत पोचवायची. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ही मदत गुन्ह्याप्रमाणे ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंत आहे. खुनाच्या प्रकरणात निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. बलात्काराच्या प्रकरणात निम्मी वैद्यकीय तपासणी झाल्यावर, पाव दोषारोपपत्राच्या वेळी, उरलेली पाव खटला संपल्यावर. या नियमांची अंमलबजावणी सगळीकडे चोख होते असे मुळीच नाही. दोषारोपपत्र रखडले की दुसरा हप्ताही रखडतो. पण मांडणी योग्य आहे. पैसा प्रशासनाच्या टप्प्यांना बांधला आहे, पीडिताच्या धडपडीला नाही.

आणि गंमत नव्हे तर खेदाची गोष्ट ही, की सर्वसाधारण हिंसक गुन्ह्यांतही निम्मा रस्ता बांधून झालेला आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे नालसाने, महिला पीडितांसाठी २०१८ मध्ये जी योजना तयार केली आणि जी सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेनंतर २ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली, तिच्यात स्पष्ट लिहिले आहे की बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला, हुंडाबळी यांसारख्या गुन्ह्यांत एफआयआर नोंदताच त्याची प्रत पोलिसांनी विधी सेवा प्राधिकरणाला पाठवलीच पाहिजे. प्राधिकरणाला अर्जाशिवाय, स्वतःहून अंतरिम मदत देता येते. ती योजनेला जोडलेल्या भरपाईच्या कोष्टकातल्या कमाल रकमेच्या २५ टक्क्यांहून कमी नसावी. मृत्यूसाठी कमाल १० लाख, म्हणजे अंतरिम अडीच लाख. बलात्कारासाठी कमाल ७ लाख, म्हणजे पावणेदोन लाख. अ‍ॅसिड हल्ल्यात तर घड्याळच लावून दिले आहे: घटना कळल्यापासून ७ दिवसांत आदेश, त्यानंतर ८ दिवसांत १ लाख खात्यावर, आणि पुढचे २ लाख २ महिन्यांच्या आत.

मग घोडे अडते कुठे? प्रत पाठवली नाही तर काय, याचे उत्तर योजनेत नाही. ठाणे अंमलदाराच्या दृष्टीने आरोपीला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे ही मुदत आहे, कारण ती चुकली तर अटकच बेकायदा ठरते. दोषारोपपत्राची ६० किंवा ९० दिवसांची मुदत चुकली तर आरोपीला जामीन मिळतो. प्राधिकरणाला प्रत न पाठवल्याने मात्र कुणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते पीडिताचे, आणि तिला माहीतही नसते की अशी प्रत जायला हवी होती. ज्या कामाला मुदत आहे पण मुदत चुकण्याला परिणाम नाही, ते काम कचेरीत नेहमीच शेवटी जाते. यात पोलिसांच्या निष्ठुरपणापेक्षा कामाच्या रचनेचा दोष जास्त आहे, आणि रचना बदलता येते.

दुसरी अडचण कलमाची. कोष्टकातली रक्कम गुन्ह्याच्या प्रकारावर आणि दुखापतीच्या टक्क्यांवर ठरते, आणि एफआयआर लिहिला जातो तेव्हा दुखापत किती हे कुणालाच नीट माहीत नसते. रात्री मनगटावर कोयत्याचा वार झालेला हमाल दवाखान्यात येतो. टाके पडतात. नोंद होते साध्या दुखापतीची. बोटे वळत नाहीत, कंडरा तुटला आहे, हे पट्टी सुटल्यावर कळते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे १५ दिवस तीव्र वेदना होत राहिल्या किंवा नेहमीचे कामकाज करता आले नाही तरी ती गंभीर दुखापत ठरते, पण त्यासाठी कुणीतरी पंधरवड्यानंतर डॉक्टरचा नवा दाखला घेऊन तपास अधिकाऱ्याकडे कलम वाढवून मागावे लागते. कायमच्या अपंगत्वाचा टक्का तर जखम पूर्ण भरून स्थिती स्थिर झाल्याशिवाय ठरतच नाही, आणि ते योग्यही आहे. अयोग्य आहे ते या टक्क्यासाठी पहिला पैसाही अडवून धरणे. अंतरिम मदतीचा हेतूच हा की टक्का नंतर ठरो, आज औषधे आली पाहिजेत.

याच हमालाच्या बाबतीत कायद्यात एक मोठे भोक आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ सरकारी आणि खासगी, सगळ्या दवाखान्यांवर विनामूल्य उपचारांची सक्ती करते आणि नकार दिल्यास न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. पण ही सक्ती लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांच्यापुरतीच आहे. कोयत्याचे वार तिच्यात बसत नाहीत. त्याच्यासाठी कलम ३९६ मध्ये एक वाट आहे: ठाणेप्रमुखाच्या किंवा त्या भागातल्या दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावर प्राधिकरण मोफत वैद्यकीय मदतीचा आदेश देऊ शकते. असा दाखला मागता येतो हे जखमीच्या नातेवाइकांना रात्री दोन वाजता अपघात विभागात कोण सांगणार? शिवाय नालसाची २०१८ ची योजना महिलांसाठी आहे. अल्पवयीन पीडितांना, मुलगा असो वा मुलगी, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये तिचा आधार दिला. प्रौढ पुरुषाला मात्र राज्याच्या २०१४ च्या पीडित नुकसानभरपाई योजनेकडे जावे लागते, आणि तिचे कोष्टक वेगळे. स्त्रियांसाठी आधी आणि जास्त तरतूद झाली हे बरोबरच झाले. ती मागणी लावून धरणाऱ्यांनी सगळ्यांवर उपकार केले आहेत. पण खून झालेल्या माणसाच्या पोराची शाळेची फी बाप गेला की आई गेली यावर ठरत नाही.

रकमांचा ताळा एकदा मांडून पाहावा. ३२ वर्षांचा, महिन्याला १२ हजार कमावणारा फेरीवाला. घरात बायको, दोन मुले आणि आई. तो ट्रकखाली गेला तर न्यायाधिकरण असा हिशेब करते: वर्षाचे १,४४,०००. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा करणारा म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के, झाले २,०१,६००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १,५१,२००. वयाप्रमाणे १६ चा गुणक. एकूण २४,१९,२००, वर अंत्यविधी वगैरे ठरलेल्या रकमा. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी पक्की केली आहे. याच माणसाचा खून झाला तर हिशेब कुणी करत नाही, कोष्टक उघडले जाते. अपघाताचा पैसा विमा कंपनीकडून येतो, गुन्ह्याचा राज्याच्या तिजोरीतून, हे फरकाचे कारण म्हणून समजते. न्याय म्हणून पटत नाही. गाडी बेफाम चालणार नाही याची हमी राज्याने कधी दिली नव्हती. माणसांनी सूड आपल्या हाती घेऊ नये, आम्ही बघतो, हे मात्र राज्यानेच सांगितले आहे. खटला 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध' असा चालतो. पीडित त्यात फक्त साक्षीदार असतो. न्यायालयाने वेगळा आदेश दिला नाही तर दंडाची रक्कमही सरकारजमा होते. एवढे सगळे राज्याने आपल्याकडे घेतल्यावर जखमेचा खर्च तेवढा जखमीचा, असे म्हणता येत नाही.

यावर सर्वांत आधी येणारा आक्षेप: अर्जाशिवाय पैसे द्यायला लागलात तर पैशांसाठी खोट्या तक्रारी होतील. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून नीट बघू. फौजदारी न्यायालय विचारते: हे कृत्य याच आरोपीने केले का, आणि ते संशयापलीकडे सिद्ध झाले का? भरपाईचा प्रश्न वेगळा आहे: या माणसाला गुन्ह्यामुळे इजा झाली का? कायद्याला हा फरक मान्य आहे. म्हणूनच आरोपी निर्दोष सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनाची शिफारस न्यायालय करू शकते, आणि आरोपीचा माग लागलाच नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरीही पीडित अर्ज करू शकतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच कागदावर असते: वैद्यकीय-कायदेशीर अहवाल, शवविच्छेदनाचा अहवाल, क्ष-किरण, घटनास्थळाचा पंचनामा. तुटलेला कंडरा खोटा बनवता येत नाही. जिथे बाहेरची जखम दिसत नाही, विशेषतः लैंगिक अत्याचारात, तिथे प्राथमिक पडताळणी जास्त काळजीने करावी लागते, पण ती करायला प्राधिकरणाचा सचिव हा न्यायिक अधिकारीच असतो. खोटेपणा उघड झाला तर रक्कम वसूल करण्याची तरतूदही योजनेत आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी हेही पाहावे की आजची अर्जाची अट खोट्यांना गाळत नाही. ज्याच्यामागे वकील आहे, ज्याला कागद कळतात, तो अर्ज करतोच. गळते ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर जिल्हा ओलांडून गेलेली बाई, जिच्या गुन्ह्याची नोंद एका जिल्ह्यात आणि बँकेचे खाते दुसऱ्या जिल्ह्यात.

साक्षीदार फितूर झाला तर? पीडितेनेच जबाब फिरवला म्हणून दिलेली मदत परत मागावी, असा आग्रह धरला जातो. मला तो धोक्याचा वाटतो. आरोपी घरातलाच असतो, गावातला सावकार असतो, खटला पाच-सात वर्षे चालतो, आणि या काळात तिच्या हातात पैसा नसतो तेव्हाच तो जबाब विकत घेतला जातो. वेळेवर मिळालेली मदत जबाब टिकवते. खोटी तक्रार आणि दबावाखाली फिरलेला जबाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वसुलीपूर्वी त्यातली कोणती आहे हे तपासलेच पाहिजे.

महाराष्ट्राने या विषयात बरेच शिकून पाहिले आहे. २ ऑक्टोबर २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आली, बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांसाठी, तेव्हा रक्कम २ ते ३ लाख होती आणि निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचे मंडळ घेई. शेजारच्या गोव्यात १० लाखांपर्यंत तरतूद असताना इथे एवढी कमी का, असे उच्च न्यायालयाने विचारल्यावर २०१७ मध्ये मर्यादा १० लाखांवर गेली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. हा बदल चांगला होता. महसूल कचेरीतल्या शंभर बैठकांत आणखी एक बैठक, या अवस्थेतून विषय सुटला. पण प्राधिकरण निर्णय देते आणि पैसा सरकारच्या खात्यातून येतो, ही गाठ तशीच राहिली. आदेश झाला आणि अनुदान आले नाही, तर आदेशाचा कागद घेऊन माणूस खेटे घालतो. केंद्राने २०१५ मध्ये २०० कोटींचा केंद्रीय पीडित नुकसानभरपाई निधी उभा केला, पण तो राज्यांच्या निधीला एकदाच दिलेला टेकू होता. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार जसे राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतात, म्हणजे विधिमंडळात मतदानाला टाकावे लागत नाहीत, तशी ही भरपाईही भारित खर्च करावी. न्यायालयीन निवाड्यांची देणी राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२ खाली भारितच असतात. प्राधिकरणाच्या आदेशाला तोच दर्जा द्यायला काय हरकत आहे?

मिळालेली रक्कमही पूर्ण हाती येत नाही. नालसाच्या योजनेत ७५ टक्के किमान ३ वर्षांच्या मुदतठेवीत जातात, २५ टक्के वापरायला मिळतात. अल्पवयीन असेल तर ८० टक्के सज्ञान होईपर्यंत, आणि तेही ३ वर्षे होण्याआधी नाही. नातेवाईक पैसा हिसकावून घेतील ही भीती खरी आहे, म्हणून ठेव पूर्ण काढून टाका असे मी म्हणणार नाही. पण ४ लाखांच्या आदेशात हाती १ लाख आले आणि त्वचारोपणाची पुढची शस्त्रक्रिया दीड लाखाची असली तर? शिक्षण, उपचार अशा निकडीसाठी ठेव आधी मोडता येते, फक्त त्यासाठी पुन्हा प्राधिकरणाकडे अर्ज. हे आदेश देतानाच विचारून घ्यावे: येत्या वर्षात कोणते उपचार आहेत, फी कधी भरायची आहे. त्याप्रमाणे ठेवीचे दोन-तीन तुकडे करावेत.

रीत बदलेपर्यंत अर्ज करावाच लागणार, म्हणून थोडे व्यवहाराचे. एफआयआरची प्रत पीडिताला मोफत मिळते, ती त्याच दिवशी घ्यावी. जिल्ह्याला जाणे जमत नसेल तर तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. नालसाच्या १५१०० या मदत क्रमांकावरही विचारता येते. दोषारोपपत्राची वाट पाहू नये. अर्जात अंतरिम मदतीची मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहावी, नाहीतर ती अंतिम मागणीत बुडून जाते. एकापेक्षा जास्त प्रकारची हानी असेल तर प्रत्येक स्वतंत्र लिहावी, कारण महिलांच्या योजनेत त्या रकमांची बेरीज होते, आणि पीडिता अल्पवयीन असल्यास मर्यादा दीडपट धरतात. एफआयआरमधले नाव, आधारवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव एकच आहे का हे आधी पाहावे. माहेरचे आणि सासरचे नाव यांच्या घोळात कित्येक महिने जातात. अल्पवयीन मुलीचे खाते आरोपी असलेल्या पालकासोबत संयुक्त नसावे. महिलांच्या योजनेत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून ३ वर्षे ही मुदत आहे. उशीर झाला असेल तर कारण लिहून तो माफ करण्याची विनंती करावी. बालकाच्या प्रकरणात अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या खर्चाची शिफारस बाल कल्याण समिती करू शकते आणि ती रक्कम आठवड्यात मिळायला हवी. पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्याखालच्या न्यायालयाने ठरवलेली भरपाई आदेश पोचल्यापासून ३० दिवसांत. आणि निकालाच्या दिवशी सरकारी वकिलाला आठवण करावी. महाराष्ट्रातूनच गेलेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की भरपाईचा विचार केला की नाही हे प्रत्येक फौजदारी न्यायालयाने कारणांसह नोंदवावे, आणि ४ नोव्हेंबर २०२४ रोजी सत्र न्यायालयांना पुन्हा बजावले की शारीरिक इजा आणि लैंगिक अत्याचाराच्या योग्य प्रकरणांत भरपाईचा आदेश द्यावा. अकरा वर्षांनी तेच परत सांगावे लागले.

सरकारला करायचे ते फार नाही. पोलीस ठाण्यात एफआयआर संगणकावरच नोंदतात. गंभीर दुखापत, खून, खुनाचा प्रयत्न, लैंगिक अत्याचार, अ‍ॅसिड हल्ला यांची कलमे पडली की ती नोंद आपोआप त्या जिल्ह्याच्या प्राधिकरणाच्या संगणकावर उतरावी. ४८ तासांत विधी स्वयंसेवक दवाखान्यात किंवा घरी पोचावा आणि खाते क्रमांक, वैद्यकीय कागद, अवलंबून असलेल्यांची नावे त्यानेच घ्यावीत. अ‍ॅसिड हल्ल्याचे १५ दिवसांचे घड्याळ या सगळ्या गुन्ह्यांना लावावे, स्त्री-पुरुष न पाहता. आणि दोषारोपपत्राच्या सोबत एक पान जोडणे सक्तीचे करावे: प्राधिकरणाला कळवल्याची तारीख, अंतरिम आदेशाची तारीख, रक्कम जमा झाल्याची तारीख. ते पान कोरे असेल तर दंडाधिकाऱ्याने पहिल्याच तारखेला तपास अधिकाऱ्याला विचारावे की का.